रिकामा खिळा

एक विळा कमी आहे, हे मला मधल्या सुट्टीतच कळलं होतं. ज्यांना ते सांगायचं होतं त्यांना मी सांगितलं नाही, आणि शाळा सुटल्यावर त्याच विळ्यानं त्यांचा हात कापला. आजवर हे मी कुणाजवळ बोललेलो नाही. संस्थेच्या चौकशीत नाही, घरी बायकोपाशीही नाही. त्या दिवशी कुणालाच काही ठाऊक नव्हतं, असं शाळेत सगळे समजतात.

मी माध्यमिक शाळेत मराठी शिकवतो. किन्हवली सोडून मुरबाडच्या रस्त्याला लागलं की आत एका गावात आमची शाळा आहे. मुलं येतात ती आजूबाजूच्या वाड्यांवरून, बरीचशी चालत. दिवाळीची सुट्टी संपते तेव्हा आमच्याकडे उशिराचं भात कापणीला आलेलं असतं. लांबच्या वाडीवरची मुलं शाळा सुटल्यावर घरी न जाता परस्पर शेतावर जातात. त्यामुळे विळा सकाळीच दप्तरातून येतो, फडक्यात गुंडाळलेला, डब्याच्या शेजारी. मारामारी करायला कुणी तो आणत नाही. पण नववी-दहावीची पोरं, मोबाइलवरून पेटलेली भांडणं आणि हाताशी धारदार पातं, एवढं एकत्र आलं की शिक्षकाला धास्ती वाटतेच.

माझ्याकडे त्यावर एक उपाय होता. फाटकात उभं राहून मी दप्तरं उपसायचो, विळा सापडला की जप्त करायचो आणि बापाला बोलावून घ्यायचो. बाप मजुरी बुडवून यायचा, माझ्यासमोरच पोराच्या कानफटात द्यायचा आणि विळा घेऊन जायचा. पुढच्या वर्षी एकाही दप्तरात विळा सापडेना. "शिस्त लागली," असं मी स्टाफरूममध्ये चहा पिता पिता सांगितलं. विळे आता फाटकाबाहेरच्या करवंदीच्या जाळीत ठेवले जात होते, आणि हे मी सोडून सगळ्या शाळेला माहीत होतं.

मग ते आले. मुरबाड तालुक्यातले, वयानं माझ्याहून बरेच लहान, गणिताचे नवे शिक्षक. पहिल्याच कापणीला त्यांनी एसटीतून उतरताना जाळीतल्या मुठी पाहिल्या. दोन दिवसांत एक लांब फळी आणली, तिला खिळे ठोकले आणि ऑफिससमोरच्या व्हरांड्यात टांगली. ज्याला त्या दिवशी कापणीला जायचंय त्यानं सकाळी आपला विळा उघडपणे आणायचा, आपल्या खिळ्याला अडकवायचा, मुठीला आपल्या रंगाची चिंधी बांधायची. सुटताना ते स्वतः तिथे उभे राहायचे आणि एकेकाला विळा द्यायचे. मूठ मुलाकडे, पातं स्वतःकडे.

"शाळेच्या भिंतीवर विळे शोभतात का?" मी मुख्याध्यापकांसमोर विचारलं.

"सर, जाळीत असण्यापेक्षा डोळ्यांसमोर बरे," ते म्हणाले. हसून म्हणाले, तेच मला जास्त लागलं.

फळी नुसती विळ्यांची राहिली नाही. एखादा खिळा रिकामा दिसला की ते त्या मुलाला विचारायचे, "काय रे, आज कापणी नाही? घरी कोण आजारी आहे का?" मग मुलगा तिथेच घुटमळायचा आणि बोलायचा. बाप काल प्यायला, आईला मारलं, अमक्याशी बोलणं बंद आहे, तमका म्हणतो एसटी स्टॉपवर भेट. कुठलं भांडण कुठे फुटणार ते त्यांना आधी कळायचं. दोघांना बोलावून ते मैदानाच्या कडेला बसायचे, काय बोलायचे देव जाणे, पण भांडण तिथेच मिटायचं. माझ्या आठवणीत आमच्या शाळेत पहिल्यांदाच कापणीचा हंगाम कुणाचं डोकं न फुटता गेला. आणि मला त्याचा आनंद झाला नाही.

आमच्या शाळेत 'सर' या शब्दाला एकच मालक असतो. बाकीचे पीटीचे सर, इंग्लिशचे सर, चित्रकलेचे सर. नुसतं 'सर' म्हटलं की एकच माणूस, आणि बरीच वर्षं तो माणूस मी होतो. एकदा मी नळापाशी हात धूत होतो. एक मुलगा धावत आला, "सरांनी बोलावलंय!" माझ्यामागे एक मुलगी उभी होती, तिला तो सांगत होता. मी म्हटलं, "मी कुठे बोलावलं?" मुलगा गोंधळला आणि अगदी निरागसपणे म्हणाला, "तुमी नाय हो मराठीचे सर. सरांनी."

त्या दिवसापासून मी मराठीचा सर झालो. कुणी ठरवलं नव्हतं, कुणाच्या मनात वाईट नव्हतं. म्हणून तर तक्रार करायलाही जागा नव्हती.

जूनमध्ये रानात शेवळांची भाजी निघते. मुलं दरवर्षी जुडी बांधून माझ्या टेबलावर ठेवायची, सोबत काकडं, रानातली आंबट फळं, कारण काकडांशिवाय शेवळं घशाला खाजतात. त्या जूनमध्ये जुड्या त्यांच्या मोटारसायकलच्या हँडलला लटकलेल्या दिसल्या. त्यांनी स्टाफरूममध्ये सगळ्यांना वाटल्या, मलाही देऊ केली. मी म्हटलं, "आमच्याकडे आहे भरपूर." आणि किन्हवलीच्या बाजारातून एक जुडी विकत घेऊन घरी गेलो, मुलांनी दिली म्हणून बायकोच्या हातात ठेवली.

तिनं जुडी उलटसुलट केली. "अहो, काकडं कुठायत? मुलं तर नेहमी देतात."

"विसरली असतील."

"सगळीच विसरली?" ती म्हणाली आणि आत गेली. भाजी झाली नाही. शेवळं तीन दिवस टोपलीत पडून काळी पडली.

आणखी एक लिहायचं आहे, ते टाळलं तर हे सगळं लिहिण्यात अर्थ नाही. ते बौद्ध घरातले. त्यांचे आजोबा छप्पननंतर दीक्षा घेतलेले, वडील नोकरीला होते, घरात पुस्तकं. आमचं घर पिढ्यान्‌पिढ्या इथल्या भातशेतीतलं. गावातले काही लोक पारावर बसून त्यांच्याविषयी बोलायचे ते माझ्या कानावर यायचं. मी त्यात बोललो नाही कधी. पण उठूनही गेलो नाही. माझं जळणं निव्वळ एका शिक्षकाचं दुसऱ्या शिक्षकावरचं आहे, असं मी मनाशी म्हणत आलो. तसं ते निव्वळ नसावं. त्यांच्या जागी जर आमच्या भावकीतला कुणी असता, तर त्याच फळीचं मी कौतुक केलं असतं का? केलं असतं असं मला वाटतं, आणि तेच वाईट आहे.

आता तो दिवस.

नववीतल्या एका मुलाचा बाप दारूच्या तारेत बांधावरून खाचरात पडला होता. वर्गातल्याच दुसऱ्या मुलानं त्याचा व्हिडिओ काढला, वर नाचाचं गाणं लावलं आणि स्टेटसला ठेवला. सकाळपर्यंत तो सगळ्या वाड्यांनी पाहिला होता. मीही पाहिला, एका पालकानं पाठवला होता. गणिताचे सर त्या सकाळी शाळेत नव्हते. आदल्या संध्याकाळीच ते मला म्हणाले होते, "सर, उद्या मी शहापूरला बैठकीला आहे, दुपारच्या गाडीनं येईन. सकाळी फळीपाशी तुम्ही उभे राहाल का? रिकाम्या खिळ्यावर जरा लक्ष ठेवा."

"हो, हो," मी म्हटलं. सकाळी उभाही राहिलो, पेपर डोळ्यांसमोर धरून. त्यांचं काम करताना मला कुणी पाहायला नको होतं.

मधल्या सुट्टीत नववीतली एक मुलगी स्टाफरूमच्या दारात आली. मी एकटाच होतो.

"सर हायत का?"

"मग मी कोण आहे?"

"तुमी नाय. सर."

"शहापूरला गेलेत. काय ते मला सांग."

ती मागे वळून पाहायला लागली. मग ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "तांबडी चिंधी नाय फळीवर. त्याचा इळा जाळीत हाय. सुटल्यावर बघतो तुला, असा बोललाय तो त्या व्हिडिओवाल्याला. सर आले का त्यांना सांगा. माझं नाव नका घेऊ, आमची वाडी एकच हाय."

"सांगतो."

"नक्की सांगा हां, मराठीचे सर."

जाळी फाटकाबाहेर हाकेच्या अंतरावर होती. चहा गार व्हायच्या आत जाऊन मी विळा काढून आणू शकलो असतो. मुलाला बोलावून समोर बसवू शकलो असतो. मुख्याध्यापक शेजारच्या खोलीत होते. यातलं सगळं मला सुचलं, सुचलं नाही असं मी म्हणणार नाही. पण ती माझ्याकडे आली नव्हती. माझ्यामार्फत ती त्यांच्याकडे गेली होती, मी मधला निरोप्या. मी विळा आणला असता तरी तिनं म्हटलं असतं, सरांच्या फळीमुळे कळलं. मी चहा पीत राहिलो. येतील तेव्हा सांगू, असं ठरवलं. तेव्हा तरी सांगायचंच असं मनात होतं.

दुपारी मी नववीलाच शिकवत होतो. बाहेर एसटी थांबली, आणि खिडकीकडच्या बाकावरून कुजबूज सुरू झाली, "सर आले, सर आले." अख्ख्या वर्गाच्या माना तिकडे वळल्या. मी फळ्यापाशी उभा होतो, खडू हातात, वाक्य अर्धं. ज्या मुलीनं मला सांगितलं होतं तिच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं हसू आलं. आता काही काळजी नाही, असं ते हसू होतं.

तास संपवून मी स्टाफरूमकडे गेलो. ते दारात भेटले, काखेत फाइल, केसांवर रस्त्याची धूळ.

"काही विशेष?" त्यांनी विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो.

त्या क्षणी माझ्या मनात काय होतं ते मी अनेकदा तपासून पाहिलं आहे. कुणाला इजा व्हावी असं नव्हतं. पोरं ढकलाढकली करतील, एकजण विळा दाखवेल, बाकीचे आरडाओरडा करतील, आणि दुसऱ्या दिवशी गावभर होईल की फळी असूनही विळा जाळीत होता. एवढंच. एक दिवस तरी यांचं चुकू दे. एक दिवस तरी मुलांनी यांच्याकडे तसं पाहू दे, जसं ती माझ्याकडे पाहतात.

शाळा सुटली. ते व्हरांड्यात उभे राहून विळे देऊ लागले, मूठ पुढे, पातं स्वतःकडे. "बोट सांभाळ गो." "तुझ्या आजीला सांग, उद्या मी ताक प्यायला येतोय." रिकाम्या खिळ्यापाशी त्यांचा हात थांबला. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. तो मुलगा आधीच फाटकाबाहेर पडला होता. मी ऑफिसच्या खिडकीतून हे पाहत होतो. आता सांग, असं मला वाटलं, आणि तेवढ्यात बाहेर ओरडा झाला.

मी पोचलो तेव्हा ते दोघांच्या मध्ये होते. एसटी स्टॉपच्या शेडला पाठ लावून व्हिडिओवाला पोरगा रडत उभा होता, त्याला ओरखडाही नव्हता. दुसऱ्याच्या हातात विळ्याची मूठ होती आणि पातं त्यांच्या उजव्या मुठीत होतं. आवळून धरलेलं. "सोड, बाळा," ते म्हणत होते. "मी धरलाय. तू सोड." मुलानं सोडला आणि खाली बसला. त्यांनी मूठ उघडली तेव्हा आजूबाजूच्या मुली किंचाळल्या.

एका पालकाच्या गाडीतून मी त्यांना शहापूरला नेलं. माझा रुमाल आणि मुलींच्या दोन ओढण्या त्यांच्या हाताला गुंडाळलेल्या होत्या. मुलं गाडीमागे धावत होती, रडत होती. आणि खरं लिहायचं ठरवलंय म्हणून लिहितो, त्या गाडीत मला त्या जखमेचाही हेवा वाटला. माझ्यासाठी कुणी असं धावलं नसतं.

"चुकलंच माझं," ते डोळे मिटून म्हणाले. "खिळा रिकामा दिसला होता मला. तेव्हाच धावायला हवं होतं."

मी म्हणालो, "बोलू नका. पडून राहा."

पुढे ठाण्याला ऑपरेशन झालं. दोन बोटं आता वळत नाहीत, खडू त्यांना डाव्या हातानं धरावा लागतो. त्या मुलाला पोलीस घेऊन गेले, बालन्याय मंडळापुढे उभं केलं, नंतर घरी सोडलं. तो शाळेत परत आला नाही. वाशिंदला कुठल्याशा गोडाऊनमध्ये लागलाय म्हणतात.

संस्थेची बैठक आमच्याच हॉलमध्ये झाली. अध्यक्ष टेबलावर हात आपटून म्हणाले, "मुलांच्या सुरक्षिततेचं बोलता, आणि शाळेच्या भिंतीवर हत्यारं टांगता? ही शाळा आहे का खाटीकखाना?" मागून कुणीतरी म्हणालं, "लाडावून ठेवली पोरं, दुसरं काय." ते हात गळ्यात बांधून बसले होते. म्हणाले, "जबाबदारी माझी आहे. तो विळा फळीवर नव्हता, हे मला वेळेत कळायला हवं होतं."

अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही ज्येष्ठ आहात. त्या दिवशी दिवसभर शाळेत होतात. तुमचं काय म्हणणं?"

"मी सुरुवातीलाच म्हणालो होतो, विळे शाळेत नकोत," मी सांगितलं. यातला प्रत्येक शब्द खरा होता. मुख्याध्यापकांनी मान डोलावली.

फळी काढली. दप्तर तपासणी पुन्हा सुरू झाली आणि ती माझ्याकडे आली. त्यांची बदली संस्थेच्याच मुरबाडकडच्या शाळेत झाली, सिद्धगडाच्या पायथ्याला. जायच्या दिवशी मुलं व्हरांड्यात जमली होती. त्यांनी सगळ्यांवरून नजर फिरवली आणि मला हळूच विचारलं, "ती नाही आली का?" माझ्यापाशी निरोप ठेवून गेलेल्या त्या मुलीचं त्यांनी नाव घेतलं. "बरेच दिवस बोलत नाही माझ्याशी. रागावलीय कशावर तरी. जरा लक्ष द्या तिच्याकडे."

ती का रागावली होती ते मला त्याच आठवड्यात समजलं. वाचनालयात पुस्तक परत करायला आली, ते टेबलावर ठेवून तशीच उभी राहिली.

"तुमी सांगितलंत ना सरांना? त्या दिवशी?"

मी मान हलवली, वरून खाली.

"मंग त्यांना माहीत होता," ती म्हणाली. "माहीत असून इळे वाटीत बसले. जाळीकडं गेले नाय." मग म्हणाली, "मी उगाच सांगितला. परत कवा सांगनार नाय कुणाला."

आणि ती गेली. इथपर्यंत जे झालं ते जळण्यातून झालं असं एक वेळ म्हणता येईल. त्या मानेला तेही निमित्त नाही. समोर फक्त एक मुलगी होती, आणि तिच्यापाशी त्या माणसाबद्दल जो विश्वास होता तो मी तिच्या हातून काढून घेतला.

यंदाची कापणी सुरू झाली आहे. दप्तरात विळे सापडत नाहीत. फाटकातून जाळीकडे पाहिलं की पानांत मुठी दिसतात. आता मला दिसतात. एके दिवशी मी खेळाच्या खोलीतून ती फळी शोधून आणली, मुख्याध्यापकांना न विचारता जुन्या जागी टांगली आणि सकाळी तिच्याशेजारी उभा राहिलो, पेपर न घेता. मुलं एकेक करून समोरून गेली. "नमस्ते सर," म्हणाली. होय, नुसतं सर. तो शब्द माझ्याकडे परत आला आहे, दुसरं कुणी उरलं नाही म्हणून. शाळा भरल्याची घंटा झाली तेव्हा सगळे खिळे रिकामे होते. मी मूठ पुढे आणि पातं स्वतःकडे धरून विळा द्यायला तयार होतो, पण माझ्या हाती विळा द्यायला कुणी तयार नव्हतं. सिद्धगडच्या शाळेतल्या व्हरांड्यात म्हणे आता तशीच फळी आहे आणि ती भरलेली असते. हे एका कंडक्टरनं मला सांगितलं, आणि ऐकताना छातीत तेच जुनं चुरचुरलं. ते गेलेलं नाही.

ती मुलगी आता दहावीत आहे. परीक्षा झाली की ती या शाळेत येणार नाही. त्याआधी तिला मला सांगायचं आहे की तिनं सांगितलं ते बरोबर केलं, निरोप माझ्यापाशी अडला, सरांना तो कधी मिळालाच नाही. हेच सिद्धगडच्या शाळेत जाऊन त्यांच्यासमोर बोलायचं आहे, आणि मग त्याच हॉलमध्ये अध्यक्षांपुढे. यातलं काहीही मी अजून केलेलं नाही.